चौथ्या खणातली काळी चकती

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. घाबरायचे काम माझ्याकडे आहे. मी एक काळी चकती, आता चांगलीच जुनी झालेली. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी ज्या गोल चकत्या मांडतात ना, त्यांच्यातली एक. माझ्या कडेला सहा पांढरे पट्टे आहेत, त्यांतला एक घासून पुसट झाला आहे. दिसायला मी मोठी रुबाबदार आहे, असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात मी पहिल्या नंबरची भित्री आहे. कुणी मला दोन बोटांत उचलले की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणाल, चकतीला कसले आले पोट? नसेल पोट, पण गोळा येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मातीसारखी दिसणारी भुकटी गरम साच्यात भरायची, वरून जोराचा दाब द्यायचा, की झाली चकती तयार. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी इतकी तापले होते की आता आपले तुकडे होणार, अशी माझी खात्रीच झाली. झाले नाहीत. एका बाईंनी माझी कड कापडाने पुसली, मला उजेडात धरून पाहिले आणि टोपलीत टाकले. टोपलीत पडेपर्यंतही मला वाटत होते की आता फुटणार. स्वभावाला औषध नसते, दुसरे काय!

आमच्या अंगावर आकडा छापलेला नव्हता. ज्या घरी जाऊ त्या घराने आमची किंमत ठरवायची. पांढऱ्या, लाल आणि हिरव्या चकत्यांना याचे काहीच वाटले नाही. मला मात्र तेव्हापासून घोर लागला.

दुकानात आम्ही रंगांप्रमाणे काचेच्या बरण्यांत राहत होतो. गिऱ्हाईक येई, लाकडी डबा पसंत करी आणि कोणत्या रंगाच्या किती चकत्या हव्यात ते सांगे. एके सकाळी एक उंच गृहस्थ आले. चित्रांना आणि फोटोंना लाकडी चौकटी करून देण्याचा त्यांचा धंदा होता. भिंतीवरचे चित्र जरासे तिरके दिसले तरी त्यांना घास गोड लागत नसे. धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणे, म्हणून सगळेच म्हणत, आणि मीही तेच म्हणणार आहे. दादांनी चार खणांचा डबा उचलला आणि चारही खणांतून बोट फिरवले. एकेका खणात बरोबर पन्नास चकत्या मावत होत्या.

“किती जण खेळता?” दुकानातल्या बाईंनी विचारले.

“पाच. घरच्या घरी.”

“मग पांढऱ्या शंभरेक न्या, लाल थोड्या कमी. काळ्या चार-पाच घेतल्या तरी खूप झाल्या. लहान चकत्याच लागतात हो जास्त.”

“पण मग हा चौथा खण रिकामा दिसेल,” दादा म्हणाले.

“दिसू दे की. खेळायचंय का नुसतं बघायचंय?”

दादांनी डबा हातात धरून पुन्हा एकदा न्याहाळला. त्यांना त्या रिकाम्या खणाची कल्पनाच सोसवेना. “चारी रंग पन्नास-पन्नास द्या,” ते म्हणाले. बाईंनी खांदे उडवले आणि बरणीत हात घातला. अशी मी चौथ्या खणात जाऊन बसले. पन्नास काळ्यांमधली मी एक.

आता त्या घराबद्दल सांगते. पुढच्या खोलीत दादांचे दुकान होते, तिथे सरस आणि ताज्या भुशाचा वास यायचा. मागच्या खोलीत चौकोनी टेबल होते आणि दर रविवारी दुपारी त्याच्याभोवती पाच जण पोकर खेळायला बसायचे. दादा, वहिनी म्हणजे दादांची बायको, दादांचा धाकटा भाऊ, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशी. माझ्या आधी ते बटणे लावून खेळत. शर्टाचे बटण एका रुपयाचे, कोटाचे पाचाचे. दोनशेपेक्षा जास्त कुणी आणत नसे आणि कुणी हरला तर त्याची थट्टा पुढच्या रविवारपर्यंत पुरत असे.

बटणे धाकट्याची होती, कारण धाकटा शिंपी होता. वडिलांचे दुकान त्याने चालवायला घेतले होते. वडील गेल्यावर त्याच दुकानाच्या पैशांवरून दोघा भावांत बिनसले होते. दादा तिथून निघाले, चौकटींचा धंदा काढला आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. बरीच वर्षे अबोला होता. शेवटी वहिनींनी एका रविवारी धाकट्याला पत्ते खेळायला बोलावले आणि तो खिशात बटणे घेऊन आला. दोघे भाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते, पण “पत्ते वाट”, “तुझी पाळी” एवढे तरी बोलू लागले. हळूहळू बाकी गोष्टींवरही बोलू लागले. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या दोघांकडे आठवड्यातली तेवढी एकच दुपार होती.

पहिल्या दिवशी आमचे काय कौतुक झाले म्हणून सांगू! मावशींनी आम्हाला गालाला लावून गारवा पाहिला. मास्तरांनी एका हाताने चकत्या खळखळ वाजवल्या. “काळ्या काय झोकदार आहेत,” सगळे म्हणाले. मग किमती ठरल्या. पांढरी एकाची, लाल पाचाची, हिरवी पंचवीसची आणि काळी शंभराची. शंभर! हे ऐकून मला घेरीच यायची बाकी होती.

“पाच जण आहोत. प्रत्येकाला सगळ्या दहा-दहा,” दादा खुशीत म्हणाले. “एकदम सारखी वाटणी. म्हणजे तेराशे दहा झाले.”

मास्तर उगाचच खोकले.

“वरचे दहा कशाला हो?” मावशींनी विचारले.

“नाहीतर वाटणी सारखी होत नाही.”

मित्रांनो, तिथे जे उलटे झाले ते मला चौथ्या खणातून स्वच्छ दिसत होते. आधी माणसांना विचारायचे, तुम्हाला कितीचा डाव जमेल, आणि मग त्या बेताने चकत्या मांडायच्या. इथे डब्यात चकत्या किती आहेत ते पाहून माणसांना पैसे काढायला लावले होते. पूर्वी दोनशे आणणाऱ्यांनी आता तेराशे दहा काढायचे. पण दादांचा चेहरा इतका फुलला होता की कुणाची बोलायची छाती झाली नाही. सगळ्यांनी वहिनींकडे पैसे दिले, कारण पैसे सांभाळायचे काम वहिनींचे होते, आणि डाव सुरू झाला.

मग दुसरी पंचाईत. पांढऱ्या प्रत्येकाकडे दहाच. एक, दोन, एक असे करता करता त्या मावशींकडे जमायच्या आणि मावशी त्यांचे मनोरे रचून ठेवायच्या. कुणाला दोन लावायचे असले तर सुटे नसायचे.

“जाऊ दे, पाचच कर,” कुणीतरी म्हणे.

थोड्या वेळाने लालही एका बाजूला जमायच्या. मग “पंचवीसच कर” सुरू व्हायचे. आणि एकदा हिरव्या संपत आल्या की कुणाचा तरी हात आमच्यावर यायचा. सुट्यांच्या टंचाईने डाव आपोआप चढत जाई. कुणी मुद्दाम चढवत नव्हते, म्हणून तर थांबवणार कोण हा प्रश्न होता. मी मधल्या ढिगात पडून राही आणि ज्याच्या हातून सुटले त्याच्या तोंडाकडे बघत राही. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असे.

सगळ्यांत जास्त भीती मला धाकट्याच्या हातांत वाटायची. बाकीच्यांचे तळवे कोरडे असत. त्याचा तळवा ओला असे. तो मला ढकलायचा ते सुद्धा नखाने, म्हणजे जणू मी ढिगात पोचलेच नाही तर बरे. तो वाईट खेळत नव्हता. पण घाबरलेला माणूस चांगली पाने असताना पास म्हणतो आणि नको तिथे हट्टाला पेटतो. त्याचे तसेच होऊ लागले. एका रविवारी तो आलाच नाही. मशीन बिघडले आहे, असा निरोप आला. दादांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून नुसते हं केले आणि त्या दिवशी पत्ते फार जोरात आपटले.

पुढच्या रविवारी तो आला. त्या दिवशी जे घडले त्यात माझा काही दोष नव्हता, पण अजून आठवले की माझी कड थरथरते. धाकट्याकडे शेवटच्या थोड्या चकत्या उरल्या होत्या आणि विचार करता करता तो मला बोटांत फिरवत होता. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. गिऱ्हाईक माप द्यायला येऊन बसले होते. “आलोच,” म्हणत तो उठला, उरलेल्या चकत्या वहिनींकडे सरकवल्या, त्यांचे पैसे घेतले आणि निघाला. मी मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात होते. तुम्ही कधी शिंप्याला काम करताना पाहिले आहे का? त्याच्या बोटांत खुणा करायचा चपटा खडू असतो आणि कुणी हाक मारली की तो खडू न बघता खिशात जातो. आयुष्यभराची सवय. त्याच्या बोटांना मी खडूच वाटले.

खिशात आणखी दोन खडू होते. ते मजेत झोपले होते. मी मात्र हादरले होते.

वडिलांचे ते दुकान मी खिशाच्या फटीतून पाहिले. लांब टेबल, भिंतीवर टांगलेले कागदी नमुने, कोपऱ्यात दोन मशिने. दोन्ही मशिने व्यवस्थित चालत होती. दुकानामागच्या खोलीत दोघे नवरा-बायको राहत होते. गिऱ्हाईक गेल्यावर बायकोने दार लोटले.

“अहो, शाळेच्या गणवेशांचे आगाऊ पैसे वेगळे ठेवलेत ना? उद्या-परवा कापड आणायला हवं.”

धाकट्याने मशीनवरचे दोरे झटकायला घेतले.

“त्यातनं नेले का तुम्ही?”

“थोडे गेले. निघतील परत.”

“कुठून निघतील? दर रविवारी उतरलेलं तोंड घेऊन येता. दादांना सरळ सांगा ना, आपल्याला एवढं झेपत नाही म्हणून.”

“कसं सांगू? इतक्या वर्षांनी दादा बोलायला लागलाय. पहिल्यांदा तुटलं ते पैशांवरून. आता परत पैशांचंच तोंडात आणू? नको. त्यापेक्षा मीच जायचं बंद करतो.”

“म्हणजे परत अबोला?”

“आपोआप होईल तो. मला काही बोलावं तरी लागणार नाही.”

मित्रांनो, मी एवढीशी चकती, पण त्या क्षणी मला किती जड जड वाटले! बायकोने शर्ट धुवायला काढला आणि खिशात हात घातला. दोन खडूंबरोबर मी बाहेर आले. तिने मला उजेडात धरले.

“हे काय?”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे देवा. ही माझ्याबरोबर आली वाटतं. शंभराची आहे. दादाने मोजली असणार. त्याला वाटेल मी...”

इकडे दादांच्या घरी काय चालले होते ते मला पुढे बाकीच्या काळ्यांनी सांगितले. डबा आवरताना चौथ्या खणात फट दिसली. एकोणपन्नास! दादांनी गालिचा उचलला, कपाट सरकवले, मोरीची जाळीसुद्धा काढून पाहिली. वहिनी म्हणाल्या, सापडेल हो कुठेतरी. पण त्यांना त्या फटीने पछाडले. येता-जाता डबा उघडायचे आणि बघायचे. कुणाचे नाव त्यांनी घेतले नाही. घेतले नाही, हेच बाकीच्यांना भीतिदायक वाटले.

तो सगळा आठवडा मी धाकट्याच्या मशीनवर, तेलाच्या डबीशेजारी काढला. शिवता शिवता तो माझ्याकडे बघे आणि नजर वळवे. एकदा म्हणे, दादांच्या घरी गुपचूप सोफ्याखाली टाकून देतो. एकदा म्हणे, कुणाबरोबर तरी पाठवतो आणि जातच नाही. रविवार उजाडला तरी त्याचे ठरत नव्हते. शेवटी बायकोने इस्त्री केलेला शर्ट त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, “जा. जे होईल ते होईल.” तो मला मुठीत घेऊन निघाला. वाटेत दोनदा मागे वळला आणि पुन्हा पुढे चालू लागला. त्या मुठीत मी अक्षरशः भिजून गेले.

सगळे बसले होते. दादांनी डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

“सुरू करण्याआधी एक सांगायचंय. एक काळी कमी आहे. आठवडाभर शोधतोय मी.”

मास्तर ताडकन उठले. “माझ्याकडे नाही हं! हे बघा, खिसे उलटे करून दाखवतो.” आणि खरोखरच दोन्ही खिशांचे अस्तर कानांसारखे बाहेर काढून ते उभे राहिले.

धाकट्याची मूठ आणखी घट्ट झाली. मग उघडली. मी टेबलावर पडले, गिरकी घेतली आणि सगळ्यांच्या मध्ये आडवी झाले.

“माझ्याकडे आहे, दादा. चुकून खिशात गेली.”

“चुकून?” दादा म्हणाले. “शंभराची आहे ती.”

“अहो!” वहिनी म्हणाल्या.

“काहीतरीच तुमचं,” मावशी कडाडल्या. “ठेवून घ्यायची असती तर परत आणली असती का त्याने?”

धाकट्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि आत होते नव्हते ते माझ्याशेजारी काढून ठेवले. दोन चपटे खडू, एक निळा, एक पांढरा. शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान. दोऱ्याची गुंडाळी. एक हुक. “हातात असेल ते खिशात जातं रे माझं. खडू समजून टाकली.”

दादांनी निळा खडू उचलला. अंगठा निळा होईपर्यंत तो चोळला. त्यांचा आवाज बदलला. “आईला दर धुण्याच्या वेळी बाबांचे खिसे तपासावे लागायचे. एकदा विसरली, तर माझा शाळेचा पांढरा शर्ट निळा होऊन आला होता.”

“आणि मार मला मिळाला होता,” धाकटा म्हणाला.

“कारण खडू तूच टाकलास म्हणून मी तुझं नाव सांगितलं होतं.”

दोघे एकदम हसले. मावशींनी सुस्कारा सोडला, मास्तरांनी खिसे आत घातले. मला वाटले, सुटलो. पण लगेच दुसरी भीती उभी राहिली. वहिनींनी डबा उघडला आणि नेहमीसारख्या दहा-दहा चकत्या वाटायला घेतल्या. धाकट्यापुढे पांढऱ्या आल्या, लाल आल्या, हिरव्या आल्या. मग वहिनींचा हात चौथ्या खणाकडे गेला. आज हा गप्प राहिला तर पुढच्या रविवारी ही खुर्ची रिकामी असणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. बोल ना, बोल ना, मी मनात ओरडत होते. मला आवाज नाही याचे एवढे दुःख कधी झाले नव्हते.

“वहिनी, मला काळ्या नको,” धाकटा म्हणाला.

“का हो भाऊजी?”

“झेपत नाहीत.”

धाकटा मान खाली घालून, पण थांबून न राहता बोलत गेला. “मशीन बिघडलं नव्हतं, दादा. खोटं बोललो मी. शाळेच्या कापडाचे पैसे घालवलेत इथे. मला एवढा मोठा डाव नाही जमणार.”

“मग आधी का बोलला नाहीस?”

“तू इतक्या वर्षांनी दार उघडलंस. पैशांचं बोललो तर परत बंद होईल असं वाटलं.”

तेवढ्यात मास्तर घसा खाकरत म्हणाले, “विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. घरी मी दर रविवारी गाडीचा क्लच गेला म्हणून सांगतोय. आता बायको म्हणते, ती गाडीच विकून टाका.”

“आणि मी?” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं तुम्हा सगळ्यांना हौस आहे, आपणच कशाला चिकट ठरा!”

“मलाही जास्तच वाटत होतं,” वहिनी हळूच म्हणाल्या. “पण यांनी चारी खण इतक्या हौसेनं भरून आणले होते.”

दादांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. “म्हणजे कुणालाच नको होतं?” ते म्हणाले. “अरे, मला तरी कुठे हवं होतं! पहिल्या दिवशी तेराशे दहा म्हणालो आणि मलाच वाटलं, हे जास्त झालं. तुम्ही कुणी हूं की चूं केलं नाहीत. म्हटलं, यांना चालतंय, आपण कशाला कमीपणा घ्या.”

मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या चहाचा कप सांडला. पण दादा हसले नाहीत. ते उठले आणि पुढच्या खोलीत निघून गेले. थोड्या वेळाने करवतीचा आवाज येऊ लागला. धाकट्याचे हसू मावळले. “चिडला,” तो पुटपुटला. वहिनी दाराकडे बघत राहिल्या. करवत थांबली आणि दादा परत आले. त्यांच्या हातात लाकडाची एक पातळ पट्टी होती.

“किती झेपेल तुला?” त्यांनी धाकट्याला विचारले.

“पूर्वीसारखे. दोनशे.”

“मग ऐक. प्रत्येकाला वीस पांढऱ्या, सोळा लाल, चार हिरव्या. झाले दोनशे. पांढऱ्यांना दोन खण लागतील, लालला एक. आणि चौथ्यात उरलेल्या लाल आणि वीस हिरव्या, मध्ये ही पट्टी.” त्यांनी चौथ्या खणात ती पट्टी बसवली. ती अगदी नेमकी बसली. “पांढऱ्या पन्नास आणि लाल तीस उद्याच आणतो.”

“आणि काळ्या?” मास्तरांनी विचारले.

“काळ्यांचं काम नाही इथे.”

जास्तीच्या तीस हिरव्या कपाटात गेल्या आणि आम्ही काळ्या असे डब्यातून बाहेर पडलो. आम्हाला एका कापडी पिशवीत घालून पुढच्या खोलीत, लाकडाच्या तुकड्यांच्या फळीवर ठेवले. आता तुम्हाला वाटेल, या भित्रीला सुटल्यासारखे वाटले असेल. वाटले ना, पहिले दोन दिवस. मग धूळ बसू लागली. रविवारी आतून हसण्याचे आवाज येत, पांढऱ्या चकत्यांची टिकटिक ऐकू येई आणि कुणी आमची आठवणसुद्धा काढत नसे. टेबलावर असताना मला लोकांच्या खिशाची भीती वाटे. फळीवर मला कचऱ्याच्या टोपलीची भीती वाटू लागली. कुणी झाडू घेतला की मी डोळे मिटून घ्यायची.

आणि मग पुन्हा एक रविवार असा आला की धाकटा आला नाही. गणवेशांचे काम आहे, एवढाच निरोप आला. दादांनी पत्ते पिसले, खाली ठेवले, पुन्हा पिसले.

“मागच्या वेळी मशीनचं सांगितलं होतं,” ते म्हणाले. “तेही खरं नव्हतं.”

“मग जाऊन बघा ना,” वहिनी म्हणाल्या.

“कुठे?”

“कुठे काय? दुकानात.”

दादा पुढच्या खोलीत येऊन नुसते उभे राहिले. त्यांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. रिकाम्या हाताने जाणे त्यांना अवघड वाटत असावे, कारण त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि फळीवरची आमची पिशवी उचलली. चालताना पिशवी त्यांच्या गुडघ्यावर आपटत होती. मला वाटले, आम्हाला आता कुठल्या तरी नाल्यात टाकणार.

दुकानाचे दार उघडे होते. दादा पायरीपाशी थांबले. वडिलांच्या त्या पायरीवर त्यांचा पाय उचलेना. आत धाकटा निळ्या कापडावर कागदी नमुना मांडत होता आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. एका कोपऱ्यावर कात्री, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर त्याचे कोपर. चौथा कोपरा काही केल्या थांबत नव्हता. त्याने वर पाहिले.

“दादा? तू इथे?”

“आला नाहीस म्हणून आलो.”

“खरंच काम आहे रे. शाळेची मुदत जवळ आलीय. पुढच्या रविवारी येतो मी.”

“ते दिसतंय.” दादांनी पिशवी पुढे केली. “या काळ्या. आमच्या डब्यात मावत नाहीत. वजनदार आहेत, तुला कापडावर ठेवायला होतील का बघ.”

त्यांनी पिशवी पुढे केली खरी, पण टेबल आत होते आणि हात तिथवर पोचत नव्हता. तेव्हा दादा पायरी चढले. धाकट्याने पिशवीत हात घातला. त्याच्या बोटांत मी आले. तळवा कोरडा होता. त्याने मला उडणाऱ्या कोपऱ्यावर ठेवले आणि कागद जागच्या जागी राहिला. आपल्यामुळे कुणाला तरी बरे वाटले, हे मला पहिल्यांदाच कळले. इतके रविवार मी शंभराची होते, पण असे कधी झाले नव्हते.

धाकट्याच्या बायकोने आतून स्टूल आणले. दादा बसले नाहीत. ते कापडाकडे बघत होते.

“एवढंच आणलंयस? सगळे गणवेश यात कसे होणार?”

“नाही होणार. पैसे तेवढेच उरले होते.”

“उरलेलं उद्या सकाळी आणू. दोघं जाऊ,” दादा म्हणाले.

धाकट्याने कापडाची घडी उलगडली, लांबच लांब, आणि एक टोक दादांकडे फेकले.

“धर नीट. ओढू नकोस.”

“मला शिकवू नकोस. बाबांबरोबर मी आधी धरलंय,” दादा म्हणाले आणि त्यांनी टोक धरले.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. कड झिजली आहे, अंगावर खडूचे डाग आहेत. भीती काही गेली नाही. कात्री जवळून गेली की आजही मी दचकते. पण एक मागणे मागते, ते ऐका. उद्या तुम्हीही मोठे व्हाल, घरी चार माणसे बोलवाल, कुणी खेळायला, कुणी जेवायला, कुणी सहलीचा बेत करायला. तेव्हा वाटणी करण्याआधी प्रत्येकाला विचारा, तुला जमेल ना? आणि विचारणारा विसरला आणि ओझे तुमच्यापुढे आले, तर खुर्ची रिकामी ठेवून निघून जाऊ नका. बसल्या जागी सांगा, मला झेपत नाही. टेबलाभोवती बाकीचे सगळे कदाचित तेच वाक्य तोंडात धरून बसलेले असतील.